दळू नका, घोटा

हातानं जलरंग बनवायच्या एका कार्यशाळेची जाहिरात परवा पाहिली. ‘रंगाची पूड डिंकाच्या पाण्यात विरघळवा’ असं त्यात लिहिलं होतं. ते वाचून राहवलं नाही. जलरंगातलं रंगद्रव्य विरघळतच नाही!

पटत नसेल तर कपड्यांची नीळ घ्या. हल्ली बाटलीत मिळते ती बहुतेक रंजक, म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग (डाय) असते. पाण्यात विरघळते आणि दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच निळं दिसतं. जुनी पुडीतली नीळ म्हणजे अल्ट्रामरीन, न विरघळणारं निळं रंगद्रव्य. ती पेल्यात ढवळून रात्रभर ठेवली, की सकाळी तळाशी निळा गाळ बसलेला असतो. आपल्याला रंग करायचा आहे तो या दुसऱ्या जातीच्या पुडीचा.

माझा पहिला प्रयोग कुंड्यांना लावतात त्या गेरूचा. पूड आणखी बारीक हवी म्हणून ती मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवली, घरच्यांची बोलणी खाल्ली आणि डिंकाच्या पाण्यात कालवली. कागदावर ठिपके ठिपके उठले. चूक अशी, की मी दळत बसलो. पुडीतले कण आधीच पुरेसे बारीक असतात, पण ते एकमेकांना चिकटून बसलेले असतात. पिठल्यात बेसन एकदम ओतलं की गुठळ्या होतात आणि गुठळी फोडली तर आत कोरडं पीठ निघतं, तसंच हे. आत हवा अडकलेली असते, तिथे पाणी पोचत नाही.

म्हणून घोटायचं. जाड काचेवर पूड आणि डिंकाचं पाणी साधारण सारख्या मापानं घेऊन सपाट बुडाच्या काचेच्या बत्त्यानं (चित्रकार त्याला मलर म्हणतात) आठाच्या आकारात फिरवत राहायचं. आठ इंग्रजी, मराठी नव्हे! सुरुवातीला काच करकरते. अर्ध्या तासात आवाज मऊ होतो आणि रंग सायीसारखा ओढला जातो.

पण सुटे झालेले कण पुन्हा का चिकटत नाहीत? इथे डिंकाची खरी करामत आहे. डिंक म्हणजे शर्करांच्या फांद्याफांद्यांच्या लांब साखळ्या आणि त्यांना जोडलेलं किंचित प्रथिन. हे रेणू कणाला बिलगतात आणि त्यांच्या फांद्या पाण्यात पसरतात. दोन कण जवळ आले की या फांद्यांची आपसात दाटी होते आणि कण अंतर राखून राहतात. काजळ डिंकात घोटून पोथ्यांची शाई करत, त्यामागेही हेच. डिंक रंग कागदाला चिकटवतो हे सगळे सांगतात, पण त्याचं हे आधीचं काम कुणी सांगत नाही.

गुठळी राहिली तर काय बिघडतं, याचं गणित भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्सनं १८५१ मध्येच मांडलं. पाण्यात कण खाली बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गेरूला लाली देणाऱ्या आयर्न ऑक्साइडचा एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण स्थिर पाण्यात एक सेंटिमीटर खाली यायला सुमारे सव्वा तास घेतो. व्यास दहापट केला की वेग शंभरपट, म्हणजे पाऊण मिनिटात काम तमाम. गुठळीत पाणी आणि हवा असते, त्यामुळे ती याहून जरा सावकाश उतरेल. तरीही कुंचला कागदापर्यंत नेईस्तोवर थेंबात गाळ धरायला लागतो.

बाकी कृती सोपी. एक भाग डिंक दोन भाग गरम पाण्यात रात्रभर भिजवायचा आणि फडक्यातून गाळायचा. वडी ठिसूळ होऊ नये म्हणून थोडा मध किंवा ग्लिसरीन, बुरशी येऊ नये म्हणून लवंगतेलाचा थेंब. लंडनच्या विन्सर अँड न्यूटन या रंगांच्या कंपनीनं ग्लिसरीनची युक्ती १८३५ मध्ये बाजारात आणली.

त्याच जाहिरातीत ‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ असंही होतं. हरताळ नैसर्गिकच आहे, आर्सेनिकचं सल्फाइड. पोथीतली चूक झाकायला तो फासत, त्यावरूनच ‘हरताळ फासणे’ आलं. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड, तोही खाणीतूनच निघतो. गेरू तसा विषारी नाही, पण त्याचीही कोरडी पूड नाकातोंडात जाता कामा नये. मास्क लावा, पंखा बंद ठेवा.

वाळलेला पट्टा शेवटी बोटानं घासून पाहा. बोटाला पूड लागली तर डिंक कमी पडला. पट्टा चकाकून तडकला तर जास्त झाला. माझा तिसरा घाणा तडकला. तो पुन्हा काचेवर घेतला, पाण्याचे चार थेंब टाकले, चिमूटभर गेरू घातला आणि पुन्हा घोटायला बसलो.