फोर-व्हील ड्राइव्ह आणि एसयूव्हीच्या टायरांची निगा

इंजिनाची ताकद दोनच चाकांना न देता चारही चाकांना पोहोचवणाऱ्या यंत्रणेला फोर-व्हील ड्राइव्ह म्हणतात. चिखल, वाळू, बर्फ, सुटे दगड अशा ठिकाणी दोन चाकांची पकड अपुरी पडते. तिथे उरलेली दोन चाकेही कामाला लावायची, ही त्यामागची कल्पना. मात्र ही यंत्रणा पकड निर्माण करत नाही. पकड देतो टायर; यंत्रणा आहे ती पकड वापरून घेते, एवढेच. म्हणून अशा गाडीत टायर हा ट्रान्समिशनचाच (इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेचाच) शेवटचा भाग समजावा. तो इंजिनाइतकाच, किंबहुना जास्त, लक्ष देण्याजोगा असतो.

इतिहास : ब्रॅमा जोसेफ डिप्लॉक या ब्रिटिश अभियंत्याने १८९३ मध्ये वाफेच्या ट्रॅक्शन इंजिनासाठी अशा यंत्रणेचे पेटंट घेतले. डच कंपनी स्पायकरची १९०३ मधली ६० एचपी ही पेट्रोलवरची पहिली फोर-व्हील ड्राइव्ह मोटार मानली जाते. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपने ही यंत्रणा जगभर नेली, १९४८ मध्ये लँड रोव्हर आली, १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये चारही चाके कायम चालती ठेवण्याची सोय झाली, आणि १९८० च्या ऑडी क्वाट्रोने पक्क्या रस्त्यावरच्या वेगवान गाडीलाही तिचा उपयोग असतो हे दाखवले.

वळणाचा प्रश्न : गाडी सरळ जात असते तोवर सगळे सोपे असते, खरी अडचण वळणावर येते. पुढच्या आणि मागच्या चाकांत २.७ मीटर अंतर असलेली गाडी काटकोनात वळते आहे आणि मागच्या अ‍ॅक्सलचा (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आसाचा) मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जातो आहे, असे धरू. मग पुढच्या अ‍ॅक्सलच्या मध्याची त्रिज्या सुमारे ५.७ मीटर येते. त्या एका वळणात मागची बाजू साधारण ७.९ मीटर जाते, पुढची ८.९ मीटर. म्हणजे पुढच्या चाकांना जवळजवळ अर्धा फेरा जास्त मारावा लागतो. इंजिनाची ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये दोन्हीकडे जाणारे शाफ्ट (फिरणारे दांडे) एकमेकांना पक्के जोडलेले असतील, तर हा अर्धा फेरा जाणार कुठे? या यंत्रणेचे सगळे प्रकार याच प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांतून निघाले आहेत.

पार्ट-टाइम प्रकारात उत्तर टायर आणि जमीन यांच्यावर सोडलेले असते. एरवी गाडी टू एचमध्ये दोन चाकांवर चालते. फोर एच, म्हणजे चार चाके आणि नेहमीची चाल, लावले की पुढचा-मागचा शाफ्ट पक्का जोडला जातो. चिखलात किंवा वाळूत टायर थोडा घसरतो आणि फरक आपोआप जिरतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो घसरत नाही, म्हणून पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरांमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होते, वळताना चाके थरथरत ओढली जातात आणि टू एचवर परत यायचे म्हटले तर लिव्हर हलत नाही. अशा वेळी जोर लावू नये. गाडी काही मीटर सरळ मागे घेतली की बहुधा पीळ सुटतो. कोरड्या पक्क्या रस्त्यावर पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह वापरू नये, ही सूचना गाडीच्या पुस्तिकेत असते ती याच कारणासाठी. ती अक्षरशः पाळावी.

फुल-टाइम प्रकारात दोन्ही शाफ्टच्या मध्ये आणखी एक डिफरेन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच) बसवतात, त्यामुळे अर्ध्या फेऱ्याचा फरक त्यातच मुरतो. ऑन-डिमांड प्रकारात गाडी मुख्यतः एका अ‍ॅक्सलवर चालते. चाक घसरू लागल्याचे संगणकाला कळले की, किंवा त्याआधीच अंदाज घेऊन, चकत्यांचा क्लच आवळून दुसऱ्या अ‍ॅक्सलला ताकद दिली जाते. आजच्या बहुतेक शहरी एसयूव्ही याच जातीच्या आहेत. पावसाळी किंवा बर्फाळ रस्त्यावर त्या उत्तम चालतात, पण खोल वाळूत बराच वेळ झुंजायला लावले तर क्लच तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी यंत्रणा त्या दुसऱ्या चाकांची ताकद काढून घेते.

चारही चाके चालती असूनही गाडी अडकते, याचे कारण डाव्या-उजव्या चाकांमधले साधे डिफरेन्शियल. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. एक चाक हवेत लोंबकळत असेल तर त्याला फिरायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही, आणि तेवढाच नगण्य जोर जमिनीवरच्या चाकाला मिळतो. डिफरेन्शियल लॉक दोन्ही चाके एकत्र बांधून हा तिढा सोडवतो. ट्रॅक्शन कंट्रोल फिरत्या चाकाला ब्रेक लावून तेच काम साधतो, फक्त जरा उशिरा.

फोर एल हा ट्रान्सफर केसमधला सावकाश चालीचा गिअर. अनेक गाड्यांत तो चाकांचा वेग अडीच पटीच्या आसपास कमी करतो आणि तितकाच जोर वाढवतो. गाडी थांबवून, किंवा पुस्तिकेत म्हटले असेल तर अगदी सरपटत्या वेगात, न्यूट्रलमध्ये तो लावायचा असतो. चढापेक्षा उतारावर त्याचे मोल जास्त कळते: पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते, ब्रेक तापत नाहीत. थांबण्याच्या बाबतीत मात्र एक गैरसमज जिवावर बेतू शकतो. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. निसरड्या रस्त्यावर फोर-व्हील ड्राइव्हमुळे गाडी झटकन वेग घेते, पण थांबायला तिला दुसऱ्या गाडीइतकेच अंतर लागते.

टायरांचा मेळ : २३५/६५ आर १७ या मापाच्या नव्या टायरचा व्यास सुमारे ७३७ मिमी, तर परीघ २,३१६ मिमी असतो. नक्षी ५ मिमी झिजली की व्यास १० मिमीने आणि परीघ ३१ मिमीने घटतो. ढोबळ हिशेबाने झिजलेला टायर दर किलोमीटरला सहा फेरे जास्त मारतो, शंभर किलोमीटरला जवळजवळ सहाशे. एका अ‍ॅक्सलवर नवे आणि दुसऱ्यावर जुने टायर असतील तर मधले डिफरेन्शियल किंवा क्लच सरळ रस्त्यावरही सतत वळणावर असल्यासारखा राबतो, तापतो आणि लवकर निकामी होतो. म्हणून चारही टायर एकाच मापाचे, एकाच मॉडेलचे आणि जवळपास सारख्या झिजेचे हवेत. किती फरक चालतो हे कंपनीगणिक बदलते, पण मर्यादा बहुधा दोन-तीन मिमीच्या आतबाहेरच असते. अर्ध्या आयुष्यात एक टायर फाटला तर एकच नवा घेण्याचा मोह महागात पडू शकतो. अमेरिकेत काही ठिकाणी नवा टायर उरलेल्या तिघांइतका तासून देतात.

या कारणाने टायरांची अदलाबदल, म्हणजे रोटेशन, इथे जास्त महत्त्वाची. दर ८ ते १० हजार किलोमीटरला ती करावी; स्टेपनी पूर्ण मापाची असेल तर तिलाही फेऱ्यात घ्यावे, म्हणजे पाचही सारखे झिजतात. एकाच दिशेने फिरणाऱ्या नक्षीचे टायर मात्र पुढचे मागे, मागचे पुढे एवढेच बदलता येतात.

हवा : चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत दिलेला दाब हा खरा. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तेवढी हवा भरू नये. दाब टायर थंड असताना मोजावा. तापमान १० अंशांनी उतरले की दाब सुमारे दीड पीएसआयने (पौंड प्रति चौरस इंच) उतरतो. चालून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नये. टायर प्रेशरचा इशारा देणारा दिवा अनेक गाड्यांत हवा २० ते २५ टक्के उतरल्यावरच लागतो, त्यामुळे महिन्यातून एकदा गेज लावून पाहणे चुकवू नये. वाळूत हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवतात. टायरचा जमिनीवरचा ठसा तेव्हा लांब होतो आणि चाक रुतत नाही. याहून खाली गेल्यास वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. पक्क्या रस्त्याला लागण्यापूर्वी हवा परत भरायलाच हवी, कारण कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो.

झीज नीट पाहिली तर बरेच सांगते. मध्यभागी झिजला तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या तर कमी. एकच कड झिजली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ दिशा, बिघडले आहे. जागोजाग खळगे पडले असतील तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर तपासावेत. नक्षीच्या खाचांतल्या उंचवट्यांशी पृष्ठभाग सपाट आला म्हणजे १.६ मिमी उरली, आणि अनेक देशांत तीच कायदेशीर किमान मर्यादा आहे. ओल्या रस्त्यावरची पकड मात्र त्याच्या बरीच आधी कमी झालेली असते. टायरवरच्या चार अंकांतून वय कळते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांनी, नक्षी शाबूत दिसली तरी, टायर बदलावा, असा अनेक उत्पादकांचा सल्ला असतो. न वापरलेली स्टेपनीही यातून सुटत नाही.

इतर देखभाल : ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरेन्शियलचे तेल वेळेवर बदलावे. पार्ट-टाइम यंत्रणा महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर काही किलोमीटर चालवावी, म्हणजे आतले भाग तेलात भिजत राहतात. पाण्यातून गाडी काढल्यावर तेल जरूर पाहावे. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ दिसले तर ते लगेच बदलायचे. हे टाळण्यासाठी खडतर प्रवासाच्या गाड्यांत अ‍ॅक्सलची श्वासनळी (आतल्या हवेला वाट देणारी नळी) इंजिनाच्या कप्प्यात उंचावर नेतात. बंद पडलेली गाडी दोन चाके जमिनीवर ठेवून ओढून नेल्यानेही यंत्रणेला इजा होऊ शकते, म्हणून पुस्तिकेत स्पष्ट परवानगी नसेल तर चारही चाके वर घेणारा सपाट ट्रकच मागवावा.