माकड आठवू नका!

औषध घेताना माकड आठवायचं नाही, अशी वैद्याची अट आपल्याकडच्या गोष्टीत असते. रोग्याला तोवर माकड कधी आठवलेलं नसतं. आता पेला ओठाला लावला की ते समोर हजर. या गोष्टीतलं मर्म अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी प्रयोगातून दाखवलं. त्यांच्याकडे माकडाच्या जागी पांढरं अस्वल होतं.

१९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात विद्यार्थ्यांनी पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोलायचं होतं. पांढऱ्या अस्वलाचा विचार मात्र करायचा नाही. आलाच तर घंटा वाजवायची. घंटा मिनिटाला एकापेक्षा जास्त वेळा वाजत राहिली. खरी गंमत पुढच्या पाच मिनिटांत. ‘आता खुशाल अस्वलाचा विचार करा’ म्हटल्यावर, ज्यांनी आधी तो दडपला होता त्यांना अस्वल जास्त आठवलं. पहिल्यापासून मोकळीक असलेल्यांना तितकं नाही.

असं का? वेग्नर यांनी १९९४ मध्ये मांडलेलं उत्तर मला फार पटतं. विचार दूर ठेवताना मन दोन कामं करतं. एक म्हणजे मुद्दाम दुसरं काहीतरी शोधत राहणं. यात कष्ट आहेत. दुसरं पहारेकऱ्याचं: नको तो विचार आत शिरला का, हे गुपचूप पाहत राहायचं. पण चोर ओळखायचा तर पहारेकऱ्याला त्याचा चेहरा सतत लक्षात ठेवावा लागतो! आपण दमलो, डोक्यावर ताण आला की पहिलं काम ढेपाळतं. पहारेकरी जागाच असतो, आणि त्याच्या डोळ्यांसमोर तोच चेहरा.

हाताचंही तेच. वेग्नर आणि सहकाऱ्यांनी काही जणांच्या हाती लंबक दिला आणि तो एका ठरावीक दिशेला हलू द्यायचा नाही असं बजावलं. लंबक नेमका त्याच दिशेला झुलू लागला. हजारपासून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावलं, तेव्हा तर आणखीच. म्हणून दुःखातल्या माणसाला ‘तो विषय डोक्यातून काढून टाक’ असं सांगणं, आणि जमलं नाही की त्याचं मन कमकुवत ठरवणं, मला अन्यायाचं वाटतं.

अस्वलाच्या प्रयोगात एका गटाला आधार दिला होता: अस्वल आलं तर लाल फोक्सवॅगन मोटार आठवा. या गटात नंतरची उसळी बरीच कमी झाली. काठोकाठ भरलेला पेला नेणाऱ्या लेकीला मी हल्ली ‘सांडू नकोस’ म्हणत नाही. ‘दोन्ही हातांनी धर’ म्हणते.