शिक्षकांमधील मोबाइलचे व्यसन : जोखीम-घटक

मोबाइलचा वापर स्वतःच्या काबूत न राहणे, त्यापायी झोप, काम आणि घरची माणसे यांची हेळसांड होणे आणि ती दिसत असूनही हात आवरता न येणे, या अवस्थेला रोजच्या बोलण्यात ‘मोबाइलचे व्यसन’ म्हणतात. एखादी व्यक्ती या अवस्थेकडे झुकण्याची शक्यता ज्या गोष्टींमुळे वाढते, ते जोखीम-घटक. जोखीम-घटक असला म्हणजे व्यसन लागतेच असे नाही, आणि नसला म्हणजे माणूस सुरक्षित असेही नाही.

शिक्षकांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्यांच्यासाठी फोन हे करमणुकीचे साधन असण्याआधी कामाचे साधन आहे. दारू सोडणाऱ्याला बाटली घरात न ठेवण्याचा सल्ला देता येतो. शिक्षकाला फोन घरी ठेवून शाळेत जा असे कोणी सांगू शकत नाही. सांगितले तर त्या दिवशीचे शासकीय काम अडते. पुण्यात हा प्रश्न जास्त ठळक दिसतो. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा, जुन्या शिक्षणसंस्था, अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाची महाविद्यालये, स्पर्धा परीक्षांचे क्लास असे सगळ्या तऱ्हांचे शिक्षक इथे एकत्र नांदतात. शिवाय शिक्षण आयुक्तालय, बालभारती आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ही राज्याच्या शिक्षणाची तिन्ही महत्त्वाची कार्यालये याच शहरात आहेत.

संज्ञेबद्दलचा वाद

‘मोबाइलचे व्यसन’ हे अजून अधिकृत निदान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्यात गेम खेळण्याच्या विकाराला जागा मिळाली, मोबाइलला नाही. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या मानसिक विकारांच्या २०१३ च्या नियमावलीतही इंटरनेट गेमिंगचा उल्लेख ‘अधिक अभ्यासाची गरज असलेले विकार’ अशाच भागात आहे. म्हणून बरेच संशोधक ‘व्यसन’ न म्हणता ‘समस्याग्रस्त वापर’ म्हणतात. हा फरक शब्दच्छलाचा नाही. व्यसनी हा शिक्का शिक्षकाच्या नोकरीत आणि गावातल्या प्रतिष्ठेत फार काळ टिकतो.

तरीही वर्तनात्मक व्यसनाची ओळख पटवायला मार्क ग्रिफिथ्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडलेल्या सहा खुणा उपयोगी पडतात. डोक्यात सतत तोच विचार, मन हलके करण्यासाठी त्याचाच आधार, तेवढ्याच समाधानासाठी वाढत जाणारा वापर, तो नसला की चिडचिड, त्यावरून भांडणे आणि सोडून पुन्हा तिथेच परतणे, या त्या खुणा. या यादीत तास कुठेच नाहीत. दिवसाला सहा तास फोन हातात असलेला शिक्षक कदाचित प्रश्नपत्रिका टाइप करत असेल, आणि दीड तास वापरणारा शिक्षक तो दीड तास रात्री एक ते अडीच असा चोरून काढत असेल. काळजी दुसऱ्याची करावी.

मोजमापासाठी अनेक प्रश्नावल्या आहेत. २००५ मध्ये बियांकी आणि फिलिप्स यांनी २७ विधानांची मापनश्रेणी तयार केली. २०१३ मध्ये दक्षिण कोरियात ३३ विधानांची श्रेणी आणि तिचेच दहा विधानांचे छोटे रूप आले. आज जगभर हे छोटे रूप सर्वाधिक वापरले जाते. मात्र ते कोरियातल्या किशोरवयीन मुलांवर बेतलेले आहे. धोक्याची रेषा मुलग्यांसाठी ३१ आणि मुलींसाठी ३३ गुणांवर आखली ती त्यांच्यासाठी. तीच रेषा पंचेचाळिशीतल्या मुख्याध्यापिकेला लावणे धाडसाचे आहे. शिवाय त्यातली काही विधाने ठरवलेले काम राहून जाणे, संभाषण हुकू नये म्हणून फोन पुन्हा पुन्हा पाहणे अशी आहेत. शिक्षकाच्या बाबतीत यातले दुसरे विधान तर नोकरीची अटच झाले आहे. त्यामुळे शिक्षकांवर केलेल्या कोणत्याही पाहणीचे आकडे वाचताना त्यातला किती भाग ओढीचा आणि किती हुकमाचा, हे आधी विचारावे.

कामातून येणारे घटक

हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि सगळ्यांत कमी बोलला जातो.

मुळशी किंवा वेल्ह्याच्या डोंगराळ भागातली द्विशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणावी. चार वर्ग, दोन शिक्षक. गुरुजी तिसरी-चौथीला हातच्याची वजाबाकी शिकवत आहेत. खिशात फोन थरथरतो. केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, व्हॉट्सअ‍ॅप गटावर संदेश आलेला असतो : ‘अत्यंत तातडीचे. सोबतच्या लिंकमध्ये आज दुपारी २ पर्यंत माहिती भरावी. माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे.’ वर्गात रेंज नाही. गुरुजी मुलांना पाढे लिहायला सांगून शाळेमागच्या टेकाडावर जातात, जिथे दोन रेघा दिसतात. फॉर्म भरून खाली येईपर्यंत आणखी अकरा संदेश आलेले असतात. त्यातले नऊ ‘ओके सर’ असतात, एक वाढदिवसाचा असतो आणि एक खरोखर कामाचा असतो. तो कामाचा सापडावा म्हणून अकराही पाहावे लागतात.

सवय नेमकी इथेच रुजते. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले, की दर वेळी हमखास मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा कधी मिळते कधी मिळत नाही अशा बक्षिसापायी लागलेली सवय जास्त चिवट असते. गटावरच्या संदेशांची रचना आपोआप तशीच होते. बहुतेक वेळा बिनकामाचे, मधूनच एखादा असा की चुकला तर ‘कारणे दाखवा’ नोटीस. बक्षिसाची आशा आणि शिक्षेची धास्ती दोन्ही एकाच घंटीला बांधलेल्या असतात. पुढे घंटी वाजली नाही तरी हात खिशाकडे जातो.

शालेय पोषण आहाराची रोजची नोंद, विद्यार्थ्यांची ‘सरल’ या सरकारी पोर्टलवरची माहिती, यू-डायसमधली शाळेची माहिती, शालार्थ प्रणालीवरची वेतनाची कामे, दीक्षा या ऑनलाइन मंचावरची प्रशिक्षणे, उपक्रमांचे फोटो अशी ही कामे वाढत गेली. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. फोनवरून मागवलेली माहिती या मोजदादीत धरली जात नाही, कारण ती कागदावर ‘काम’ म्हणून दिसतच नाही. ती बसमध्ये होते, जेवताना होते, लग्नाच्या मांडवात होते.

क्लासमधल्या शिक्षकांचे ओझे वेगळे आहे. सदाशिव पेठेत किंवा डेक्कनला शिकवणाऱ्या शिक्षकाकडे विद्यार्थी रात्री साडेअकराला अडलेल्या गणिताचा फोटो पाठवतो. तत्परतेने उत्तर देणारे सर ही त्या क्लासची जाहिरात असते, आणि स्पर्धा इतकी की ‘सकाळी सांगतो’ असे म्हणायला जीव धजत नाही. खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळांत हीच जागा पालकांचे गट घेतात. २०१४ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा दिसू लागल्या आणि ‘पाहिलाच नाही’ ही सोयही गेली.

नोकरीची अनिश्चितता हा आणखी एक घटक. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे, शिक्षणसेवक म्हणून मानधनावर तीन वर्षे काढणारे, ‘पवित्र’ पोर्टलवरच्या भरतीची वाट पाहणारे असे शिक्षक टेलिग्रामवरच्या भरतीच्या चॅनेलना चिकटून असतात. यादी कधी लागेल याचा नेम नसतो. अशा माणसाला ‘फोन कमी बघ’ म्हणणे त्याच्या परिस्थितीकडे डोळेझाक करण्यासारखे आहे.

व्यक्तीतले घटक

वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत काही घटक पुन्हा पुन्हा समोर आले आहेत : तरुण वय, चिंता, नैराश्य, एकाकीपणा, उतावीळ स्वभाव, स्वतःला आवरण्याची कमी क्षमता, काहीतरी हुकेल ही भीती, अपुरी झोप आणि कामाचा ताण. यातले बहुतेक अभ्यास एकाच वेळी घेतलेल्या पाहणीचे आहेत. त्यावरून नैराश्यामुळे फोन वाढला की फोनमुळे नैराश्य, हे सांगता येत नाही. झोपेच्या बाबतीत तर दोन्ही बाजू एकमेकींना ढकलत राहतात. झोप येत नाही म्हणून फोन घेतला जातो, आणि फोनमुळे झोप आणखी लांबते.

जोएल बिलियू या संशोधकाने मांडलेल्या आराखड्यात या वापराकडे नेणाऱ्या तीन वाटा आहेत. एक, नात्यांबद्दल सतत खात्री करून घेण्याची गरज. दोन, उतावीळपणा. तीन, माणसांची आणि नावीन्याची ओढ. पुण्यातल्या शिक्षकांमध्ये पहिली वाट ओळखीची वाटते. बीड, लातूर, नांदेड, सोलापूरकडून आलेले कितीतरी शिक्षक इथे खोली घेऊन राहतात. आई-वडील गावी, काहींची बायको-मुलेही तिकडेच. आंतरजिल्हा बदलीची वाट पाहण्यात वर्षे जातात. संध्याकाळी खोलीवर आल्यावर बोलायला फोनशिवाय कोणी नसते. घरी केलेला व्हिडिओ कॉल वीस मिनिटांत संपतो, पुढचे दोन तास बोट आपोआप स्क्रीनवर फिरत राहते.

शिक्षिकांच्या बाबतीत रात्रीचा वेळ पाहावा लागतो. शाळा, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांची औषधे, उद्याच्या डब्याची तयारी. ओटा पुसून झाला की साडेदहा वाजलेले असतात. “तेवढाच माझा वेळ,” असे बायका म्हणतात आणि ते अक्षरशः खरे असते. त्या तासाभरात त्या काही वाचतात, मैत्रिणींशी बोलतात, साड्यांचे व्हिडिओ पाहतात. दिवसभर स्वतःसाठी न मिळालेला वेळ त्या झोपेतून कापून घेतात. इथे जोखीम-घटक फोन नसून घरातली कामाची वाटणी आहे, आणि हे वाक्य पुरुष वाचकांनी दोनदा वाचावे.

टाळेबंदीनंतर

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ बाजारात आले, डेटा स्वस्त झाला आणि फोन सर्वांच्या हाती पोचला. पण शिक्षकांसाठी खरा बदल २०२० मध्ये झाला. महाराष्ट्रातले करोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. लगोलग शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ ही मोहीम आली. शिक्षकांचे वैयक्तिक नंबर प्रत्येक पालकाकडे गेले, प्रत्येक इयत्तेचा आणि विषयाचा गट झाला. त्या काळात शिक्षकांनी जे केले ते मोलाचे होते. शाळा पुन्हा भरल्यावर मात्र ते गट कोणी बंद केले नाहीत.

जोखीम कमी करणाऱ्या गोष्टी

सूचनांचे आवाज बंद करणे, कामाचे आणि घरचे क्रमांक वेगळे ठेवणे, उशाशी फोनऐवजी गजराचे घड्याळ ठेवणे हे उपाय साधे आणि उपयोगी आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात फोन नुसता टेबलावर असला तरी लक्ष आणि स्मरणाच्या कसोट्यांत फरक पडतो आणि तो दुसऱ्या खोलीत ठेवल्यावर कामगिरी सुधारते, असे दिसले होते. नंतरच्या प्रयोगांत मात्र हा परिणाम दर वेळी तितकाच आढळला नाही.

एकट्याने पाळलेले नियम गट पाळत नसेल तर फार टिकत नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. तिथे नियम सगळ्या गावाचा होता, म्हणून कोणाला चुकल्यासारखे वाटले नाही. कामाच्या वेळेनंतर संपर्क न ठेवण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे असे खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत मांडले होते; त्याचा कायदा झाला नाही. शाळेच्या पातळीवर मुख्याध्यापकांनी संध्याकाळी सहानंतर गटावर काही न टाकण्याचे ठरवले तरी फरक पडू शकतो, आणि त्याला कायदा लागत नाही.

वापर हाताबाहेर गेल्याचे वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे जावे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो. येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामुळे १९८६ पासून पुण्याला व्यसनमुक्तीची भाषा परकी नाही. शिक्षकाशी बोलताना दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीबद्दल विचारणे फार उपयोगी ठरते. सुट्टीत कार्यालयीन गट शांत होतात. तेव्हा फोनही आपोआप बाजूला पडत असेल, तर प्रश्न बराचसा कामाच्या रचनेचा आहे. गट शांत असूनही हात तितक्याच वेळा फोनकडे जात असेल, तर बोलणे फोनवरून हलवून झोपेकडे, एकटेपणाकडे आणि मनावरच्या ओझ्याकडे न्यावे लागते.