एकच बाजार, मग जकात कसली?

‘देश एकल बाजारपेठेत गेला की सीमेवरची जकात संपली,’ हे इतक्यांदा ऐकलंय की खरंच वाटू लागतं. पण तसं नाही. नॉर्वे १९९४ पासून युरोपियन युनियनच्या एकल बाजारपेठेत आहे, सीमाशुल्क संघात, म्हणजे आपसात शुल्क न लावता बाहेरच्या मालावर सगळ्यांनी एकच शुल्क लावायच्या व्यवस्थेत, मात्र नाही. त्यामुळे स्वीडनच्या हद्दीवर, स्विनेसुंडला, मालट्रकचं कस्टम्स आजही चुकत नाही. कारखान्यातला नॉर्वेजियन माल बहुतेक शुल्कमुक्त जातो. मासळीचं गणित वेगळं, आणि मजेशीर: युनियनमध्ये जाणाऱ्या ताज्या अख्ख्या सॅमन माशावर साधारण २ टक्के शुल्क, तोच धुरावून पाठवला तर १३ टक्के! मग धुरावण्याचं काम, आणि त्यासोबतचा रोजगार, युनियनमधल्या पोलंडमध्ये गेला तर नवल काय?