फी देऊन सल्ला घ्यावा का? ऑफिसात येण्याआधी हे वाचा

जालन्यातल्या आमच्या गुंतवणूक सल्ल्याच्या छोट्या ऑफिसात येणारे बहुतेक जण पहिल्यांदा हेच विचारतात, "बँकेतला माणूस फुकट सांगतो, मग तुम्हाला पैसे कशाचे द्यायचे?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर लिहूनच देतो.

फुकट कुणीच सांगत नाही. म्युच्युअल फंडाच्या रेग्युलर प्लॅनमध्ये एजंटाचं कमिशन दरवर्षी तुमच्याच पैशातून जातं. त्याची पावती हाती येत नाही, म्हणून ते जाणवत नाही. जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट प्लॅन मिळतात, त्यात हे कमिशन नसतं. फरक कधी अर्ध्या टक्क्याचा, कधी एका टक्क्याचा. समजा १० लाख रुपये २० वर्षं ठेवले. ११ टक्क्यांनी साधारण ८० लाख ६२ हजार होतात, १० टक्क्यांनी ६७ लाख २७ हजार. एका टक्क्यापायी १३ लाखांहून जास्त गेले.

आमची फी वर्षाला १२,००० रुपये, रक्कम कितीही असो. तुमची गुंतवणूक ३ लाखांची असेल तर ही फी ४ टक्के पडते. तेव्हा आमच्याकडे येऊ नका, परवडणार नाही. २५ लाखांवर तीच फी अर्ध्या टक्क्याच्या आत बसते. पगार ठरलेला, एक पीपीएफ, एखादी इंडेक्स फंडाची एसआयपी म्हणजे दरमहाची ठरावीक गुंतवणूक, एवढंच असेल तरी आमची गरज नाही. निवृत्तीचे पैसे पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. फॉर्म भरताना अडलं तर या, त्याचे पैसे घेत नाही.

खरी गरज पडते ती मोठी रक्कम एकदम हाती येते तेव्हा. समृद्धी महामार्गात जमीन गेलेले बदनापूरकडचे एक काका कापडी पिशवी घेऊन आले होते. पिशवीत दोन पासबुकं आणि एक पॉलिसी, तिचं प्लास्टिकचं पाकीटही फोडलेलं नव्हतं. बँकेत ते एफडी करायला गेले होते. दुसऱ्या वर्षी २ लाखांच्या हप्त्याचा मेसेज आला तेव्हा कळलं, हा विमा आहे. पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, पण ती मुदत कधीच गेली होती. पुढचे हप्ते भरावेत की थांबावं, थांबलं तर हाती काय येईल, हे काढायला आम्हाला दोन दुपारी लागल्या. आधी तासभर भेटले असते तर ही वेळच आली नसती.

आणखी एक, कळकळीनं सांगतो. जादा व्याजाच्या आशेनं मल्टिस्टेटमध्ये, म्हणजे अनेक राज्यांत चालणाऱ्या सहकारी सोसायटीत, किंवा पतसंस्थेत पैसे ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट सोसायटीला ते नाही. लेकीच्या लग्नाचे पैसे असे अडकलेली घरं आपल्या मराठवाड्यात गावोगाव आहेत.

सल्लागार कुणीही निवडा, आधी त्याचा सेबीचा, म्हणजे शेअर बाजार आणि सल्लागारांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नोंदणी क्रमांक मागा. तो 'आयएनए'पासून सुरू होतो आणि सेबीच्या वेबसाइटवर तपासता येतो. 'एआरएन' क्रमांक असेल तर तो म्युच्युअल फंड विकणारा वितरक आहे, कमिशनवर काम करतो. त्यात गैर काही नाही, फक्त ते तुम्हाला माहीत हवं. नोंदणीकृत सल्लागार फी रोखीत घेत नाही, चेक किंवा यूपीआयनं घेतो. गुंतवणुकीचे पैसे कधीही सल्लागाराच्या खात्यात टाकू नका. ठरावीक परताव्याची हमी कुणी देत असेल तर तिथून उठून या.

पहिल्या भेटीची फी नाही. सगळे कागद जसे असतील तसे, पिशवीसकट आणा. घरच्या बाईंनाही सोबत आणा. कुठे काय ठेवलंय आणि नॉमिनी म्हणून कुणाचं नाव लावलंय, हे त्यांनाही ठाऊक हवं. मोंढा, म्हणजे धान्यबाजार, बंद असला तरी ऑफिस उघडं असतं.