तारा लावूनही सुळ्याजवळ फट का राहते?

“डॉक्टर, दात तर सरळ झाले, मग ही फट कशाला ठेवलीत? तार अजून जरा आवळा की!” उपचार संपत आले की हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो.

तार दात हलवते, त्यांची रुंदी बदलत नाही. काहींचे वरच्या पटाशीच्या दोन्ही बाजूंचे, म्हणजे पटाशी आणि सुळ्याच्या मधले दात जन्मतःच बारीक, कधी खुंटीसारखे असतात. खालचे दात मात्र नेहमीच्या मापाचे. अमेरिकेतल्या वेन बोल्टन यांनी 1958 साली उत्तम चावा असलेल्या 55 जबड्यांची मापं मांडली. त्यानुसार खालच्या पुढच्या सहा दातांची एकूण रुंदी वरच्या सहांच्या सुमारे 77.2 टक्के असली, तर चावा नीट बसतो. समजा खालचे सहा मिळून 37 मिलिमीटर आणि वरचे 46 भरले. वर जवळजवळ 48 हवेत, म्हणजे दोन मिलिमीटर कमी पडतात. तार आवळून फट मिटवता येते, पण मग वरचे दात मागे सरकून खालच्या दातांवर कडेला कड टेकतात, नाहीतर दाढा एकमेकींत बसत नाहीत. म्हणून ती जागा आम्ही मोजून, बारीक दाताच्या बाजूला राखतो.

खरा घोळ पुढे होतो. घरात लग्न निघतं किंवा सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे यायचे असतात, म्हणून तारा चालू असतानाच पेशंट दुसरीकडे जाऊन फट भरून घेतात. भरणाऱ्याचा दोष नाही. दात अजून मुक्कामाला पोचलेला नाही, हे त्यांना कसं कळणार? एक दात रुंद होतो, दुसऱ्या बाजूला जागा उरत नाही, दातांची मधली रेघ सरकते. मग भरलेलं काढा, जागा पुन्हा करा, आणि काही महिने वाया. कृपा करून हे करू नका. अडचण असेल तर आधी आम्हाला सांगा, कार्यापुरती तात्पुरती सोय करता येते.

फरक थोडा असेल तर खालच्या दातांच्या मधलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, किंचित घासूनही चावा जुळतो. दोन दातांमध्ये मिळून अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे आम्ही जात नाही. फरक जास्त असेल तर बारीक दात कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरावाने, रुंद करावा लागतो.

“बाकीचे पहिल्याच दिवशी तारा लावतात, तुम्ही मापांतच वेळ घालवता,” असं ऐकावं लागतं. आम्ही आधी ठसे घेतो, एकेक दात कॅलिपरने मोजतो आणि शेवटी दात भरावा लागेल का, त्याचा खर्च किती, हे तारा लावण्याआधीच लिहून देतो. अक्कलकोट-बार्शीहून येणाऱ्यांची एक खेप त्यात वाढते खरी, पण शेवटी अचानक नवा खर्च निघत नाही.

दात भरल्यावर लगेच त्या भरलेल्या दाताच्या मापाचा रिटेनर, म्हणजे तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन, घ्या. आधी केलेला रिटेनर भरलेल्या दातावर बसणार नाही. तारा एखाद्या मुहूर्ताआधी काढायच्या असतील, तर निदान दोन महिने आधी कळवा.