एअर रायफलला तेल कमीच पाजा

यंत्र म्हटलं की तेल हवंच, हा समज सायकलच्या साखळीपासून शिवणयंत्रापर्यंत बहुतेक ठिकाणी खरा ठरतो. स्प्रिंगच्या एअर रायफलपाशी मात्र तो अंगाशी येतो.

या रायफलीत दारू नसते. ट्रिगर ओढला की दाबलेली स्प्रिंग सुटते, पिस्टनला पुढे रेटते आणि पिस्टनपुढची हवा काही मिलीसेकंदांत चेपली जाते. इतक्या घाईत उष्णतेला बाहेर पडायला सवड मिळत नाही, त्यामुळे हवा तापते. सायकलच्या पंपाचं टोक गरम लागतं तेही यामुळेच. 27 अंशांवरची हवा एकदम 20 पट चेपली, तर आदर्श गणितानुसार तिचं तापमान 700 अंश सेल्सिअसच्या वर जातं. प्रत्यक्षात थोडी उष्णता धातूत मुरते, तरी खनिज तेलाची वाफ पेटायला उरलेली पुरेशी असते. डिझेल इंजिन ठिणगीशिवाय चालतं ते याच तत्त्वावर, म्हणून नेमबाज या प्रकाराला ‘डिझेलिंग’ म्हणतात. नळीतून धूर, जळका वास आणि नेहमीपेक्षा मोठा बार ही त्याची खूण. नवी कोरी रायफल सुरुवातीला थोडी धुरकटते, त्याचं काही वाटून घेऊ नका. पण हौसेनं तेल सोडत राहिलात, तर त्या छोट्या स्फोटांनी पिस्टनपुढची हवा अडवणारं सील फाटतं आणि स्प्रिंगही मोडू शकते.

मग वंगण द्यायचं कुठे? नळीच्या बिजागरीला नेहमीच्या तेलाचा थेंब चालतो. पिस्टनच्या सीलला, तेही उत्पादकानं सांगितलं असेल तरच, सिलिकॉन तेल. ते सहज पेटत नाही. मात्र धातूवर धातू घासतो तिथे सिलिकॉन कुचकामी, म्हणून स्प्रिंगला मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं ग्रीस लावतात. ते काम जाणकारावर सोडलेलं बरं. स्प्रिंग सुट्या अवस्थेतही आत थोडी दाबलेलीच असते आणि मागचा भाग खोलताच गोळीसारखी बाहेर येऊ शकते.

हात लावण्याआधी रायफल भरलेलीच आहे असं धरून चाला. तोंड सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरबाहेर, छर्रा आत नाही याची खात्री. स्प्रिंग दाबायला आणि छर्रा भरायला नळी बिजागरीवर खाली वाकवलेली असताना ती घट्ट धरून ठेवा. चुकून ट्रिगर सुटला तर ती उसळून सरळ होते आणि मध्ये आलेलं बोट चिरडतं. साफसफाई झाल्यावर रिकामा बार काढून बघण्याचा मोहही टाळा. छर्रा हवेला क्षणभर अडवतो, ती हवा पिस्टनसाठी उशी होते. छर्राच नसेल तर पिस्टन थेट भिंतीवर आदळतो.

नळी मात्र फारशी घाण होत नाही. दारूची काजळी नाही, उरतो तो शिशाचा पातळ थर. नेम बिघडू लागला की मागच्या बाजूनं फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) गोळ्या किंवा दोरीला बांधलेली चिंधी ओढली की झालं. लोखंडी गज तोंडाकडून घालू नका. तोंडाच्या कडेला ओरखडा पडला, तर छर्रा बाहेर पडताना हवा एका बाजूनं आधी निसटते आणि त्याला कलंडवते. 10 मीटरच्या सामन्यात दहा गुणांचा ठिपका जेमतेम 0.5 मिलिमीटरचा असतो, तिथे एवढंही पुष्कळ झालं.

आधीच हवा भरून ठेवणाऱ्या रायफलींची गोष्ट वेगळी. त्यांच्या सिलिंडरमध्ये 200 बार (वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 200 पट) किंवा त्याहूनही जास्त दाब असू शकतो. छर्रा काढला तरी तो तसाच राहतो, तेव्हा काही खोलण्याआधी दाब काढून टाका. भरायच्या तोंडाशी खनिज तेलाचा लवलेशही नको. आणि हवेऐवजी ऑक्सिजन तर कधीच नाही, कारण त्या दाबाला ऑक्सिजनमध्ये साधं ग्रीसही स्फोटक ठरतं.

चिंधीवर उतरलेला करडा डाग शिशाचा असतो. चिंधी फेकून द्या, आणि काही खाण्याआधी साबणानं हात धुवा.